पहिल्यांदा घर भाड्याने देताना: चावी हातात देण्यापूर्वीची कामं

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं, असं एजंट सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याचा करार), मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका वादाच्या वेळी उभा राहतो: अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

खर्चही फार नाही. मुदतीचं एकूण भाडं, अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० असेल तर अकरा महिन्यांचे २,२०,००० आणि व्याजाचे ५,५००. म्हणजे शुल्क सहाशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि बोटांचे ठसे देऊन हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं.

करारात पुढच्या गोष्टी स्पष्ट लिहा: भाड्याची तारीख, लॉक-इन (ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही) किती महिने, नोटीस किती दिवसांची, मेंटेनन्स कोण भरणार, किरकोळ दुरुस्ती किती रुपयांपर्यंत भाडेकरूची, डिपॉझिट चावी परत मिळाल्यापासून किती दिवसांत द्यायचं. आणि संपण्याची तारीख डायरीत नोंदवून ठेवा. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. दोन महिने आधीच बोलणी सुरू केलीत तर बहुतेक वेळा ही वेळ येतच नाही.

आता घराकडे. उन्हाळ्यात भिंती कोरड्या दिसतात आणि गळती जुलैत खालच्या मजल्यावर दिसते. म्हणून बाथरूमचा नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जायचं तोंड) कापडाने घट्ट बंद करा, जमिनीवर इंचभर पाणी साठवून चोवीस तास ठेवा आणि खालच्यांच्या छताकडे पाहा. ओल आली तर आधी टाइल्सच्या फटी भरून घ्या. भाडेकरू राहायला आल्यावर हे काम करणं दोघांनाही जड जातं.

चावी देताना भाडेकरूसोबत खोली-खोली फिरून व्हिडिओ काढा. नळ, फ्लश, गीझर चालू करून दाखवा; वीज मीटरचं रीडिंग, चाव्यांची संख्या, भिंतीवरचे जुने डाग सगळं त्यात यायला हवं. एक यादी करून दोघांनी सही करा. वीजबिल तुमच्या नावावर असेल तर ते दर महिन्याला स्वतः तपासा, कारण थकबाकी अखेर तुमच्याच माथी येते.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, सोसायटीला कराराची प्रत द्या. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची आकारणी) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. जास्त मागितलं तर लेखी हिशोब मागा.

भाडं बँकेतच घ्या. प्राप्तिकरात भाड्यातून तुम्ही भरलेला घरपट्टीचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते, त्यामुळे पावत्या जपून ठेवा.