करार तोलायचा कसा: एका गूळ-अडत्याची वही

मी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात ३६ वर्षं गुळाची अडत केली. आता दुकान पोरगा बघतो. संध्याकाळी रंकाळ्यावर एमपीएससीची तयारी करणारी चार-सहा पोरं माझ्याशी बोलत बसतात. कुठल्या देशाशी करार झाला, बोलणी झाली, की त्यांचा प्रश्न ठरलेला: "काका, आपण झुकलो का?" त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

एक दोनशे पानी वही घ्या. बातमी आली त्या दिवशी फक्त तारीख टाका आणि कुणी काय द्यायचं कबूल केलं, कधीपर्यंत, एवढंच उतरवा. 'दणका', 'लोटांगण' असले शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून आतली कणी बघितल्याशिवाय मी कधी दर बोललो नाही. मत दोन दिवसांनी लिहा.

मग डाव्या पानावर समोरच्याचा रकाना करा: हा माणूस घरी जाऊन काय सांगणार? ह्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. हा धडा मला महाग पडला. एका व्यापाऱ्यानं माझे पैसे थकवले होते. चूक त्याचीच होती. मी भर सौद्यात, त्याच्या मुलासमोर त्याला बोललो. आठवड्यात पै न पै आली, पण तो माणूस पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढला नाही आणि त्याच्यामागं आणखी तीन गिऱ्हाइकं गेली. हिशेब बरोबर होता, पण त्याला मुलाकडं मान वर करून बघायला मी जागा ठेवली नव्हती.

१९६२ च्या ऑक्टोबरात क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे काही सल्लागार सरळ बॉम्बफेक करा म्हणत होते. केनेडींनी समुद्रात नाकेबंदी केली आणि वाट बघितली. सोव्हिएत नेता क्रुश्चेव्हची दोन पत्रं आली, पहिलं मवाळ, दुसरं कडक. अमेरिकेनं उघड उत्तर दिलं ते पहिल्या पत्राला: क्षेपणास्त्रं काढा, आम्ही क्युबावर चढाई करणार नाही. दुसऱ्या पत्रातली मागणी, म्हणजे तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं हलवायची, ती गुपचूप मान्य केली. क्रुश्चेव्हला मॉस्कोत सांगता आलं की क्युबा वाचवला. केनेडींना आपल्या लोकांना सांगता आलं की क्षेपणास्त्रं गेली. दोघांनाही घरी तोंड दाखवायचं होतं. कुठलाही करार वाचताना ही दोन वाक्यं शोधा, दोन्ही बाजूंची. एका बाजूचं वाक्य सापडत नसेल तर त्या करारापुढं लाल खूण करा.

पुढचा रकाना: मागं कोण उभं आहे? आपल्या गगनबावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या, गादीसाठी आज्ञापत्र हा राज्यकारभारावरचा ग्रंथ लिहिला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यात टोपीकरांबद्दल, म्हणजे इंग्रज-फिरंग्यांसारख्या युरोपी व्यापाऱ्यांबद्दल, बजावलं आहे की हे इतर सावकारांसारखे नव्हेत, ह्यांच्या पाठीशी त्यांचं राज्य असतं. तरी त्यांना हाकलून द्या असं पंत म्हणत नाहीत. व्यापाराला येऊ द्यावं, पण वखारीला समुद्रकाठची जागा देऊ नये, द्यावीच लागली तर आत, शहराजवळ, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. व्यापारही राहतो आणि किल्लीही आपल्या हातात राहते. इतकं बारीक लिहिलेलं धोरण आपल्या मातीत आहे, ते प्रत्येक पोरानं वाचावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्या वहीत फेब्रुवारी १९९९ चं एक पान आहे. वाजपेयी बसनं लाहोरला गेले तेव्हा मी लिहिलं होतं, आता सीमा शांत राहील. मे महिन्यात कारगिल झालं. त्या पानावर पाकिस्तानचे पंतप्रधान शरीफ यांच्या मागं कोण, हा रकाना मी कोराच सोडला होता. पाकिस्तानचं लष्कर मी लिहायलाच विसरलो. ते पान फाडलेलं नाही, पोरांना दाखवतो. चुकलेली पानं तुम्हीही ठेवा.

वेळेचाही विचार करा. १९७१ च्या एप्रिलपासून लोक युद्ध मागत होते. लष्करप्रमुख माणेकशांनी अवधी मागितला आणि इंदिराबाईंनी तो दिला. आमची पंचगंगा जुलैत पुरानं कशी पसरते हे बघितलेल्या माणसाला पूर्व बंगालच्या नद्यांचं कारण समजावून सांगावं लागत नाही. हिवाळ्यात हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद होणार होत्या, म्हणजे पाकिस्तानच्या मदतीला यायची चीनची वाट अडणार होती. मधल्या काळात, ९ ऑगस्टला, सोव्हिएत संघाशी करार झाला. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि १६ ला ढाक्यात शरणागती. उशीर दिसला की पहिल्यांदा विचारा, ह्या काळात काय जमवलं जातंय? काहीच जमत नसेल तर तो नुसता उशीर.

सरावाला अलमट्टी घ्या, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. कर्नाटक काही परका देश नव्हे, माझी धाकटी बहीण निपाणीला दिली आहे. पण दोन सरकारं, एक नदी, म्हणून वहीला बरं. डाव्या पानावर: धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत न्यायची मागणी, आणि तिच्या मागं विजयपूर-बागलकोटचा कोरडवाहू शेतकरी. त्याचं दुःख नीट लिहा, हात आखडू नका. उजव्या पानावर: २०१९ आणि २०२१ चा पूर, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी, शिरोळची पाण्यात गेलेली घरं. धरणाच्या फुगवट्यानं आपल्याकडं पूर वाढतो का, ह्यावर जाणकारांत वाद आहे. तो वाद वाद म्हणूनच लिहा. मग खाली दोन्ही मुख्यमंत्र्यांचं घरी सांगायचं वाक्य स्वतः तयार करून बघा. पहिल्या खेपेला जमणार नाही. पावसाळ्यात कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचं, विसर्ग कधी वाढवायचा, इथपासून सुरू करा. तारीख टाका, आणि सप्टेंबरात पाणी उतरलं की तेच पान पुन्हा उघडा.