सगळी तयारी एका दिवसाची, आणि सव्वा महिना रामभरोसे?

पहिल्या वेळी माझी हॉस्पिटलची बॅग आठव्या महिन्यातच भरून दाराशी उभी होती. दुपटी, झबली, लंगोट, पॅड, फाइल, सगळं. फक्त बाळ घेऊन माहेरी आल्यावर तिसऱ्या रात्री काय करायचं, हे कुणीच ठरवलं नव्हतं. मी तर नाहीच.

आधी नवव्या महिन्यातल्या चुका. 'दुधात तूप घालून पी, बाळ सुळकन येईल.' सांगणारीची माया खरी, पण प्यायलेलं तूप पोटात पचतं, ते बाळाच्या वाटेवर पोचत नाही. छातीत जळजळ तेवढी वाढते. एरंडेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊच नका. जुलाब लागून अंगातलं पाणी जातं आणि ऐन कळांच्या वेळी त्राण उरत नाही.

दुसरा सल्ला, उकिडवं बसून फरशी पुसायचा. बसणं वाईट नाही, पण आठ महिने अंग हलवलं नाही आणि नवव्यात बादली-फडकं घेतलं तर कंबर धरते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर सुरुवातीपासून आठवड्याला 150 मिनिटं चाला, म्हणजे रोज वीसेक मिनिटं. जोडीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम: लघवी रोखताना जे आवळतो, ते पाच सेकंद आवळायचं आणि सावकाश सोडायचं. (लघवी करताना मात्र हा सराव नको.) बहुतेकजणी फक्त आवळायचं शिकतात. बाळ येताना उपयोगी पडतं ते सोडणं.

श्वासाचा सराव मी एकटीने व्हिडिओ बघून केला होता. पहिली जोरदार कळ आली आणि सगळं विसरले. जी व्यक्ती सोबत असणार तिच्याबरोबरच सराव करा, आणि आत कुणाला राहू देतात ते आधीच विचारून ठेवा.

'नैसर्गिक बाळंतपण' म्हणजे गोळ्या बंद, हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. बीट-खजूर खा, पण लोहाच्या गोळीची जागा ते घेत नाहीत. सरकारी कार्यक्रमात ही गोळी गरोदरपणी 180 दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस देतात. चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतली तर अंगी कमी लागते. लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आता सव्वा महिना. डिंकाचे, अळिवाचे लाडू मलाही आवडतात. चूक होते ती लाडू ताटात आले की भाजी आणि फळं बाहेर जातात तेव्हा. त्यात 'पाणी कमी पी, पोट सुटेल'. मग शौचाला कडक होते आणि टाके ताणतात, हे मी भोगलंय. बाळाला पाजणाऱ्या बाईला तहान जास्तच लागते, तेव्हा पाजायला बसताना तांब्या हाताशी हवा. पोट बांधायचं तर श्वास मोकळा राहील इतपतच. शेक घ्या, पण दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाची शेगडी नको. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो. आणि पहिला पिवळसर चीक टाकायचा नाही, बाळाला मध चाटवायचा नाही. पहिल्या तासात छातीशी धरा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येतं. 'दृष्ट लागली' म्हणत मीठ-मोहऱ्या ओवाळल्या गेल्या, माझी हरकत नव्हती. असं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही राहिलं, बाळ हातभर अंतरावर असून परकं वाटलं, तर डॉक्टरांना सांगा, किंवा 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नका.

तासाभरात पूर्ण पॅड भिजणं, ताप, दुर्गंधी असलेला स्राव, एकच पोटरी सुजून दुखणं, प्रचंड डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी: यांवर घरचा काढा नाही. सरळ दवाखाना.

दुसऱ्या वेळी बॅगेच्या आधी मी एक कागद लिहून फ्रिजवर लावला. पाजून झाल्यावर रात्री अकरा ते तीन बाळ कोण घेणार, दुपारी मी झोपले की दार कोण उघडणार, पाहुणे किती वाजता. आईने वाचला. 'हे काय, तलाठी कार्यालय आहे का?' म्हणाली, आणि अकरा ते तीनपुढे स्वतःचं नाव लिहिलं.