युरोपची पहिली सहल: दारात कोणी अडवत नाही, म्हणून आधीच बघायच्या गोष्टी

युरोपातल्या बऱ्याच शहरांत मेट्रो स्टेशनला फाटकच नसतं. तिकीट नसलं तरी थेट फलाटावर जाऊन गाडीत बसता येतं. रेल्वेत भलत्याच डब्यात चढलात तरी कोणी हटकत नाही, आणि व्हिसाचे दिवस संपले तरी ते सांगायला कोणी येत नाही. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच तपासनीस समोर उभा राहतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आपली तपासणी कधी आणि कुठे होणार, हे आधीच माहीत करून घ्या.

व्हिसा: स्टिकर ओळ न् ओळ वाचा

शेंगेन व्हिसावर २९ देश फिरता येतात. स्वित्झर्लंड त्यात आहे. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तर अपॉइंटमेंट मिळतानाच मारामार होते, त्यामुळे तीन-चार महिने आधी सुरुवात केलेली बरी. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा; दिवस सारखे असतील तर जिथून आधी प्रवेश करणार त्या देशाकडे. फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं कोणतंही तिकीट काढू नका.

व्हिसा मिळाला की स्टिकरवरच्या तीन गोष्टी बघा. ‘फ्रॉम’ आणि ‘अनटिल’ या तारखांच्या मधला काळ म्हणजे फक्त मुदत. ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ म्हणजे त्या मुदतीत प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल तो आकडा, आणि घोळ होतो तो इथेच. समजा मुदत १ ते ३० मे आहे आणि दिवस १५. तुम्ही १० मेला उतरलात तर २४ मेला बाहेर पडायलाच हवं, कारण येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. इमिग्रेशनचा काउंटर रात्री पावणेबाराला ओलांडला तरी तो अख्खा दिवस मोजला जातो.

तिसरी गोष्ट प्रवेशांची संख्या. तिथे ‘०१’ असेल तर पॅरिस, लंडन, ॲमस्टरडॅम असा क्रम जमणारच नाही. लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात आणि तो एकमेव प्रवेश संपला. अशा वेळी लंडन सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा, नाहीतर अर्जातच एकापेक्षा जास्त प्रवेश मागा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरच्या नोंदी टप्प्याटप्प्याने संगणकावर गेल्या आहेत. पुसट शिक्क्यामुळे जादा दिवस खपून जातील, या भरवशावर राहू नका.

रेल्वे: पास म्हणजे जागा नव्हे

लांब पल्ल्याच्या गाड्यांची स्वस्त तिकिटं बहुतेक वेळा ठरावीक गाडीपुरतीच चालतात. गाडी चुकली की तिकीट वाया. ती काही महिने आधी काढली तर स्वस्त पडतात, आयत्या वेळी दुप्पट-तिप्पट लागू शकतात. प्रादेशिक गाड्यांचे दर मात्र सहसा बदलत नाहीत. त्या दिवशी काढलं तरी चालतं.

युरेल पास, म्हणजे अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारा एकच रेल्वे पास, घेणाऱ्यांची हमखास होणारी चूक म्हणजे आरक्षण न करणं. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, स्पेनची एव्हीई, युरोस्टार आणि रात्रीच्या गाड्या यांत पास असूनही वेगळे पैसे भरून जागा राखावी लागते. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच असतात, म्हणून त्या आधी घ्या आणि बाकीचा बेत त्यांच्याभोवती बसवा. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक दिवसाच्या गाड्यांत आरक्षणाची सक्ती नाही. जास्त गाड्या बदलायच्या असतील तर पासचा खरा फायदा तिथेच होतो. मोबाइल पासमध्ये प्रत्येक प्रवास गाडीत चढण्यापूर्वी ॲपमध्ये जोडायचा असतो. तपासनीस आल्यावर जोडायला घेतलात तर तो विनातिकीट प्रवास धरला जाऊ शकतो.

काही गाड्या वाटेत दुभंगतात: पुढचे डबे एका शहराला, मागचे दुसऱ्या. चढताना डब्याच्या दाराजवळच्या पाटीवर आपल्या शहराचं नाव आहे ना, हे बघा. तेही स्थानिक भाषेत असतं. फ्लॉरेन्सचं फिरेंझे, म्युनिकचं म्युन्शेन, व्हिएन्नाचं वीन, प्रागचं प्राहा. एकाच शहरात अनेक स्टेशनं असतात, तेही लक्षात असू द्या. व्हेनिसचे कालवे बघायचे तर सांता लुचियाला उतरायचं. मेस्त्रे हे त्याच्या आधीचं, मुख्य भूमीवरचं स्टेशन. गाडी बदलायला सामानासकट दहा मिनिटं फार कमी होतात. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर मध्ये पाऊण तास तरी ठेवा, कारण पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरीचे पैसे कोणी भरून देईलच असं नाही.

आता तिकिटावरचा शिक्का. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवावी लागते. प्राग, व्हिएन्ना आणि जर्मनीतल्या अनेक शहरांत मेट्रो-ट्रामच्या कागदी तिकिटांचंही तसंच. तिकीट आत सरकवा, आवाज झाला की बाहेर काढा आणि छपाई खरंच उमटली का ते डोळ्यांनी बघा. शाई संपलेली यंत्रंही असतात. खरेदी केलेलं पण शिक्का नसलेलं तिकीट तपासनिसाच्या लेखी बिनकामाचं. जर्मनीत विनातिकीट प्रवासाला ६० युरो दंड आहे आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे ऐकून घेतलं जात नाही.

पैसे

कार्ड लावल्यावर यंत्र विचारतं: तुमच्या चलनात की युरोत? कायम स्थानिक चलन निवडा. एटीएमवर हाच प्रश्न ‘विथ कन्व्हर्जन’ आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’ असा येतो; ‘विदाउट’ दाबा. घरच्या चलनातला आकडा ओळखीचा म्हणून बरा वाटतो, पण तो दर यंत्रवाल्याने लावलेला असतो आणि खिशाला चाट बसते. स्वित्झर्लंड, चेकिया, हंगेरी, पोलंड, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे या देशांत युरो चलन नाही. हॉटेल बुक करताना पैसे भरलेले असले तरी अनेक शहरांत माणशी, रात्रीमागे शहर कर जागेवर द्यावा लागतो.

सामान, वार आणि खिसे

दगडी रस्ते, लिफ्ट नसलेली जुनी घरं, स्टेशनांचे जिने. दोन मजले स्वतः उचलून नेता येईल एवढीच बॅग घ्या. चार्जरसाठी दोन गोल पिनांचा बारीक प्लग जवळपास सगळीकडे बसतो. जाड गोल जर्मन पद्धतीचा प्लग स्वित्झर्लंडच्या सॉकेटमध्ये जात नाही.

पॅरिसच्या संग्रहालयांपैकी लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळे खाण्याचं सामान शनिवारीच भरा. अडलंच तर मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी मिळतात.

पाकीटमार हिंसक नसतात, चपळ असतात. मेट्रोचं दार बंद होताना हातातला फोन ओढला जातो, म्हणून दाराशेजारी फोन बाहेर काढू नका. सही मागत पुढे केलेली पाटी आणि मनगटावर बांधायला आणलेला दोरा, दोन्हींना न थांबता नकार द्या. पासपोर्ट आणि जादा कार्ड कपड्यांच्या आत ठेवा. आणीबाणीचा क्रमांक संपूर्ण युरोपियन युनियनमध्ये ११२.

परतीच्या दिवशी

खरेदीवरचा कर परत घ्यायचा असेल तर फॉर्म दुकानातच भरून घ्या, त्यासाठी पासपोर्ट जवळ लागतो. किमान खरेदीची रक्कम देशागणिक वेगळी आहे. सीमाशुल्काची मंजुरी युरोपियन युनियनमधून शेवटी जिथून बाहेर पडता तिथे घ्यायची, आणि वस्तू न वापरलेली व दाखवता येण्याजोगी हवी. म्हणजे बॅग चेक-इनला देण्याआधी त्या काउंटरवर जा. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. पॅरिसला खरेदी करून विमान झुरिकहून असेल तर फ्रान्सची सीमा ओलांडतानाच हे काम उरकावं लागतं, झुरिकच्या विमानतळावर ते होणार नाही.