काच उतरवण्याआधी हाताशी काय काय हवं

जुन्या गाडीची पुढची काच उतरवायचं काम दिवाळीनंतर धरा. पुण्याच्या पावसाळी हवेत उघडा पडलेला पत्रा बघता बघता तांबूस होतो, आणि काच निघाल्यावर खरं काम त्या पत्र्याचंच असतं. थंडीतही सकाळी घाई करू नका. काचेभोवतीचं गारठलेलं रबर लाकडासारखं वागतं. गाडी तास-दोन तास उन्हात उभी राहू द्या, रबर बोटाने दाबून बघा, मगच हत्यार उचला.

पण तारीख ठरवण्याआधी नवं रबर घरात आलेलं हवं. दुकानदार 'मंगळवारी येतंय' म्हणाला, एवढ्यावर जुनं रबर कापायचं नाही. फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर असेल तर नाना पेठेतून सुरुवात करा, एखाद्या बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारातही नजर टाका. मिळालेलं रबर घरी आणून काचेच्या कडेने बाहेरून धरा, लांबी पुरते का आणि खाचेची रुंदी काचेच्या जाडीला जुळते का ते पाहा. काच कशी काढायची हे या रबरावरच ठरतं. नवं हातात असेल तर जुन्याची माया सोडा: चंदेरी पट्टी असेल तर ती आधी सावकाश ओढून काढा, रबराची बाहेरची कड धारदार कटरने कापून टाका आणि काच बाहेरच्या बाजूला उचलून घ्या. पन्नास वर्षं वाळलेलं रबर जपण्यासाठी आतून पाय लावून काच ढकलणारे मी पाहिलेत. रबर पुन्हा मिळतं. १९६८च्या फियाटची मूळ शिक्का असलेली, गोलाई दिलेली काच मिळेलच असं नाही.

तो शिक्का आधी वाचून ठेवा, बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यात असतो. काच लॅमिनेटेड असेल तर ती दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर घेऊन बनलेली असते. अशी काच तडकते, पण जागेवर राहते. टफन्ड काच मधल्या भागात बराच मार खाते, पण कडेला टोक लागलं की सगळीच्या सगळी दाण्यांसारखी सांडते. टफन्ड काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे 'थोडी घासून बसवू' असं कुणी म्हणालं तर त्या माणसाला काम देऊ नका. लॅमिनेटेड काचेच्या कडेपासून थिनर आणि पेट्रोल लांब ठेवा, मधला थर कडेने पांढरा पडायला लागतो आणि तो डाग परत जात नाही. नवी काच करूनच घ्यायची वेळ आली तर पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा हा नियम ध्यानात ठेवा.

काचेची उतरायची जागा आदल्या दिवशी तयार करा. हे मी फार महागात शिकलो. आमच्या जुन्या वाड्याच्या अंगणात शहाबादी फरशी होती. काच सुखरूप निघाली, दोघांनी नीट धरली, आणि खाली ठेवताना तिचा एक कोपरा फरशीला टेकला. आवाज अगदी बारीक, 'टक्'. मग कोपऱ्यातून केसाएवढी रेघ निघाली आणि आमच्या डोळ्यांदेखत वीतभर वर चढली. तेव्हापासून दोन लाकडी पट्ट्या, त्यांवर दुहेरी घडीची गोधडी आणि टेकायला गादी लावलेली भिंत, एवढं झाल्याशिवाय मी वायपरचा नटसुद्धा सोडत नाही. काच उभी ठेवायची, खालच्या कडेवर भार दोन ठिकाणी वाटून. आडवी ठेवली तर गोलाईचा सगळा भार दोन टोकांवर येतो.

वायपरचे हात, आतला आरसा, सनव्हायजर आणि काचेलगतच्या पट्ट्या काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत, चिठ्ठीसकट. छताचा कपडा काही गाड्यांत काचेच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, तो रबराबरोबर ओढला जाऊन फाटतो. हातमोजे आणि चष्मा हे सांगायला नको.

चौकट मोकळी झाली की खालचे दोन कोपरे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. पाणी तिथेच साचतं. टोक आत गेलं तर वेल्डिंग करणाऱ्याला बोलवा. पुट्टीने भरू देऊ नका, पेंटर कितीही आग्रह करो. चौकटीची कड पुट्टीने जाड झाली की रबर नीट बसत नाही, आणि वेल्डिंगचा न घासलेला उंचवटा नव्या काचेला त्याच जागी तडा देतो. म्हणून ग्राइंडर, तारेचा ब्रश आणि इपॉक्सी प्रायमर आधीच आणून ठेवा, आणि रंग पुरता वाळायला सवड धरा. ओल्या रंगावर रबर चिकटलं की पुढच्या वेळी रंगासकट निघतं.

सरकतं पत्र्याचं सनरूफ असेल, फोक्सवॅगन बीटलला ते १९६४च्या मॉडेलपासून मिळालं, तर त्याची तयारी पाण्यापासून करा. छप्पर उघडून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा कप पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा. पाणी खाली आलं नाही तर निचऱ्याची नळी तुंबली आहे किंवा खांबाच्या आत सुटली आहे, आणि आजवरचं पाणी तुमच्या पायाखालच्या पत्र्यात गेलं आहे. जाड नायलॉनची दोरी घालून नळी साफ करा; कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी सांध्यातून निसटते. पत्रा काढण्याआधी छप्पर पूर्ण बंद करून चारही बाजूंच्या फटी मोजून लिहा, छप्पर सरकवणाऱ्या दोन्ही केबलच्या जागेवर खूण करा, आणि पत्रा निघाल्यावर हँडलला कुणालाही हात लावू देऊ नका. एक केबल दातभर पुढे गेली की छप्पर तिरकं चालतं. ज्या गाडीला सनरूफ नव्हतं तिचं छप्पर मात्र कापू नका. ५० वर्षांवरच्या गाडीची २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करायची तर बॉडीत मोठे बदल केलेले चालत नाहीत.

काच परत बसवण्यासाठी चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी, काचेच्या घेरापेक्षा हातभर लांब, आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी. ग्रीस किंवा तेल नको, रबर फुगतं. रबर आधी काचेवर चढवायचं, मग दोरी रबराच्या चौकटीवर बसणाऱ्या आतल्या खाचेत घालून टोकं खाली मधोमध एकमेकांवर आणायची. एकाने आत बसून दोरी ओढायची, दुसऱ्याने बाहेरून तळव्याने थापत तिच्याबरोबर सरकायचं. हा दुसरा माणूस शांत स्वभावाचा हवा. त्याला आजच फोन करून रविवार मागून घ्या.