दसऱ्याचा झेंडू: या चुका टाळा

झेंडू चांगला येऊनही तोट्यात जातो. दसऱ्यानंतर चार दिवसांनी भरघोस फुललेल्या शेताला कोण विचारतो? म्हणून सगळ्यात मोठी चूक सांगतो ती तारखेची. गेल्या वर्षी ज्या तारखेला लागवड केली, त्याच तारखेला यंदाही करणं.

दसरा तिथीवर चालतो. 2023 मध्ये तो 24 ऑक्टोबरला होता, 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला, 2025 मध्ये थेट 2 ऑक्टोबरला. म्हणजे दोन वर्षांत बावीस दिवस अलीकडे! अधिक महिना आला की तो पुन्हा पुढे जातो. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे दसरा 20 ऑक्टोबरला. तेव्हा आधी पंचांग उघडा आणि तिथून उलटं मोजा. बहुतेक संकरित वाणांना लागवडीपासून पहिल्या तोड्यापर्यंत साधारण 60 ते 65 दिवस लागतात आणि भर त्यानंतर येतो. म्हणून 70 दिवस धरावेत. 20 ऑक्टोबरसाठी लागवड 11 ऑगस्टच्या सुमारास येते, आणि रोपं तीन-साडेतीन आठवड्यांची लागतात, म्हणून बी जुलैच्या मध्यावर टाकायचं. वाण लवकर येणारा की उशिरा, हे बियाणं किंवा रोपं घेतानाच विचारून हिशेब मागेपुढे करा. दिवाळीसाठी दुसरा प्लॉट दोन-अडीच आठवड्यांनी लावावा. एकाच लागवडीवर दोन्ही सण धरायचा मोह मला पटत नाही, कारण दुसऱ्या सणापर्यंत फूल बारीक होत जातं.

शेंडा खुडण्यातही हीच गफलत होते. शेंडा खुडला की बगलफुटवे फुटतात, झाड पसरतं, फुलं वाढतात. पण पहिली कळी काही दिवस लांबते. रोप रुजून वाढीला लागलं की, लागवडीनंतर तीनेक आठवड्यांच्या आत, खुडा. कळ्या दिसू लागल्यावर खुडलात तर दसरा हुकला म्हणून समजा. लागवडच उशिरा झाली असेल तर शेंड्याला हात लावू नका.

झाड कमरेएवढं, पानं काळीभोर, पण कळी नाही? नत्र (नायट्रोजन) जास्त झालं. अशा वेळी युरियाची आणखी एक मूठ टाकली जाते आणि झाड आणखी माजतं. नत्र थांबवा, पालाश (पोटॅश) द्या, पाणी आवरा. दाट लावलेल्या किंवा सावलीतल्या झाडाचंही असंच होतं. ऊस किंवा फळबागेच्या सावलीत झेंडू उंच होतो, फुलत नाही.

रोपं जमिनीलगत सडून कोलमडत असतील तर औषधाआधी पाणी पाहा. गादीवाफा उंच हवा, ट्रेमधल्या रोपांना संध्याकाळी पाणी नको. शेतातही तेच. भारी काळ्या रानात सपाट वाफ्यावर लावलेला झेंडू परतीच्या पावसात दोन दिवस पाण्यात उभा राहिला की मर (झाड सुकून मरण्याचा रोग) लागते, आणि पिवळं पडलेलं झाड मग सावरत नाही. वरंब्यावर लावा, चर काढा, वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निघून जमीन नुसती ओलसर राहिल्याशिवाय, पाणी सोडू नका.

पाऊस सरला की ऑक्टोबरच्या उन्हात लाल कोळी येतो. पानं धुरकट, निस्तेज दिसतात, खालच्या बाजूला बारीक जाळी असते. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे मावा-तुडतुड्यांवरचं इमिडाक्लोप्रिड त्यावर चालत नाही. पैसे वाया जातात आणि कोळी खाणारे मित्रकीटकही मरतात. पानं उलटून पाहायची सवय लावा आणि शिफारशीचं कोळीनाशकच वापरा. कोळीनाशक गंधकाचं असेल तर कडक उन्हात फवारू नका, पानं भाजतात.

संकरित झेंडूची फुलं वाळवून त्याचंच बी पुढच्या वर्षी धरू नका. झाडं एकसारखी येत नाहीत, फुलंही मागेपुढे येतात. घरचं बी धरायचं असेल तर पुसा नारंगी किंवा पुसा बसंती असे सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण लावा.

तोडणी पूर्ण उमललेल्या फुलांची, सकाळी दव उडाल्यावर. ओली फुलं पोत्यात दाबून भरली तर ती तापतात, मार्केट यार्डात पोचेपर्यंत तळाची काळी पडतात आणि व्यापारी सगळ्या मालाचा भाव तोडतो. पावसात तोडावीच लागली तर सावलीत पातळ पसरून, वाऱ्यावर सुकवून मगच क्रेटमध्ये भरा.