नववीच्या वर्गात एआय आणायचंय? सोयाबीनच्या पानापासून सुरू करा

सीबीएसईने 2019 लाच नववीला एआय ऐच्छिक विषय म्हणून आणला, आपण वेगळा तास मिळायची वाट बघत बसलो तर ही बॅच पास होऊन जाईल. त्यापेक्षा आहे त्याच तासांत घुसवा. नववीच्या गणितात सांख्यिकी आहेच, त्यात विज्ञानाचे सर सोबत आले की तीन-चार तासिकांत भागतं. आणि सुरुवात चॅटजीपीटीने नको राव, पोरं निबंध लिहून घेतात अन् तिथंच एआय संपतं.

गुगलचं टीचेबल मशीन, म्हणजे फोटो दाखवून कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायची साइट, फुकट आहे, लॉगिन नाही, कोडिंग नाही, ब्राउजरमध्येच चालतं. पीक उभं असताना पोरांना सोयाबीनची पानं आणायला सांगा, निरोगी आणि पिवळा मोझॅक रोग पडलेली. साइटवर इमेज प्रोजेक्ट उघडून दोन क्लास (म्हणजे निरोगी आणि रोगट असे दोन गट) करा, दोन्हीत साधारण सारखेच, चाळीस-पन्नास फोटो टाका आणि 'ट्रेन'चं बटण दाबा, म्हणजे मशीन त्या फोटोंवरून शिकतं. ट्रेनिंग चालू असताना टॅब बदलू नका. मग नवीन पान कॅमेऱ्यासमोर धरलं की टक्क्यात उत्तर येतं.

खरी मजा पुढे आहे. एका गटाला मुद्दाम सगळी निरोगी पानं पांढऱ्या कागदावर आणि रोगट पानं मातीवर ठेवून फोटो काढायला लावा. आता निरोगी पान मातीवर धरा, मशीन बिनधास्त रोगट म्हणू शकतं, कारण ते पान नाही, बॅकग्राउंड शिकलंय. का चुकलं ते पोरांनाच शोधू द्या, तास लांबला तरी लांबू द्या, तुम्ही सांगून टाकलंत तर सगळं मुसळ केरात.

मग वीस नवी पानं दाखवून किती बरोबर किती चूक याचा तक्ता वहीत करायचा. इथं एक प्रश्न नक्की विचारा: रोगट झाडाला निरोगी म्हटलं तर पांढरी माशी रोग पसरवत राहणार, उलटं झालं तर चांगलं झाड उपटलं जाणार, यातली कुठली चूक महाग? कृषी सेवा केंद्रवाल्यांना किंवा सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) त्या दिवशी बोलवा, त्यांच्या कामातलं काय फोनवर होतं आणि कशाला शेतातच जावं लागतं हे पोरांनी त्यांनाच विचारू दे, करिअर मार्गदर्शनाच्या भाषणापेक्षा हे बरं.

पोरांचे चेहरे मात्र कुठल्याच साइटवर चढवू नका, पानांवरच भागवा. मार्क मशीनच्या टक्क्यांना नाही, तक्त्याला आणि कारणांना द्या. दहावीला यात ओढायचं असेल तर दिवाळीच्या आत उरका, नंतर पालक ऐकत नाहीत.