संमतीने घटस्फोट, तरी अटींवर गाडी का अडते? या चुका टाळा

"दोघंही तयार आहेत ना, मग सहा महिन्यांत मोकळे व्हाल," असं जोडप्याला कुणीतरी हमखास सांगतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये हे सहा महिने आहेत, पण ते अर्ज दाखल केल्यापासून मोजतात, आणि अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अटी ठरवण्यात जाणारा वेळ यात कुठेच धरलेला नाही, आणि खरा उशीर तिथेच होतो.

सगळ्यात जास्त नडणारी चूक म्हणजे अटी कच्च्या ठेवून अर्ज करणं. "मधल्या सहा महिन्यांत बघू" म्हणतात, मग फ्लॅटवरून बिनसतं आणि दुसऱ्या मोशनला, म्हणजे सहा महिन्यांनंतर कोर्टात दोघांनी घटस्फोटाची मागणी पुन्हा मांडायची असते तेव्हा, एकजण येतच नाही. त्या मोशनला अर्जापासून १८ महिन्यांची मर्यादा आहे. शिवाय हुकूमनामा (कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं आहे. उलट याच न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार हे सहा महिने माफ होऊ शकतात. त्यासाठी पहिल्या मोशनआधी (अर्ज पहिल्यांदा कोर्टासमोर येण्याआधी) दीड वर्ष वेगळं राहणं, समेटाचे प्रयत्न संपलेले असणं आणि पोटगी, मुलांचा ताबा, बाकीचे वाद खरोखर मिटलेले असणं लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: अर्जाआधी दोन महिने जास्त बसा.

बसताना कागद समोर हवेत. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, पीएफ, मुदत ठेवी, कर्जं. एखादं खातं लपवलेलं नंतर उघड झालं की ठरलेल्या अटींवरचाही विश्वास उडतो आणि बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

घराबाबत "फ्लॅट पत्नीला" एवढंच लिहून भागत नाही. हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र कोण, कधी करणार आणि मुद्रांक शुल्क कोण भरणार, हेही ठरवा. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या आपसातल्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात. बँकेने नाव काढेपर्यंत हप्त्याची जबाबदारी दोघांवर राहते. हे आधी विचारलं नाही, तर सह्यांच्या तोंडावर सगळं थांबतं.

मुलांबाबत "सोयीनुसार भेट" हे शब्द वापरू नका. दर महिन्याचे कोणते वार, सुट्ट्या कशा वाटायच्या, शाळेची फी कोण भरणार, आजारपणात कोण निर्णय घेणार, सगळं लिहा. घाईत सुटका व्हावी म्हणून मुलाचा खर्च सोडून देणारी आई मी समजू शकते, पण तो हक्क मुलाचा आहे. आईने सोडला म्हणून तो संपत नाही, नंतर पुन्हा मागता येतो.

एकरकमी पोटगीचे टप्पेही तारखेसह लिहा: किती रक्कम पहिल्या मोशनला, किती दुसऱ्याला, डिमांड ड्राफ्टने की खात्यावर.